टेबलाखालची करवत

बेटेगावातल्या एका पॅकिंगच्या शेडमध्ये सकाळपासून चार फळ्या एकमेकींशी काटकोनात जुळत नव्हत्या. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतून बाहेरगावी जाणाऱ्या एका पंपासाठी लाकडी खोका करायचा होता. फळ्या टेबल सॉवर कापून झाल्या, तीन बाजू ठोकल्या आणि चौथी लावताना कोपऱ्यात फट उरली. मिस्त्रींनी आधी गुण्या बदलला. मग लाकडाला दोष दिला. पावसाळ्याचे दिवस, फळी वळली असेल. मग नवं ब्लेड चढवलं. फट होती तेवढीच राहिली. मला बोलावणं आलं तेव्हा दुपार टळून गेली होती.

मी मेन स्विच बंद करायला लावला, टॉर्च घेतला आणि जमिनीवर पाठ टेकून मशीनच्या पोटात पाहिलं. ब्लेड तिरकं करून पुन्हा उभं करताना ते ज्या बोल्टच्या डोक्याला टेकून ९० अंशांवर थांबतं, त्या डोक्यावर भुशाचा थर बसलेला होता. दाबून दाबून इतका घट्ट झालेला, की नखाने उकरेना. जाडी एखाद्या नाण्याएवढी. बाहेरचं चाक फिरवणाऱ्या हाताला वाटायचं, आता टेकलं, म्हणजे ब्लेड सरळ झालं. ते सरळ झालेलंच नसायचं. थर खरवडला, बोल्टचं डोकं पुसलं, ब्लेड उभं केलं. दहा मिनिटांचं काम. "दादा, टेबल तर मी रोज पुसतो हो," मिस्त्री म्हणाले. ते अगदी खरं होतं. बिडाचं ते टेबल आरशासारखं लखलखत होतं.

ही पुस्तिका त्या 'रोज'ला टेबलाच्या खाली नेण्यासाठी आहे. कापायचं कसं, हे सांगणारी माणसं प्रत्येक शेडमध्ये आहेत. करवतीच्या फिरत्या भागांची निगा राखायची कशी, हे सांगणारं मराठीत फारसं काही माझ्या हाती लागलं नाही. म्हणून पुढची पानं मला फार मोलाची वाटतात आणि म्हणूनच प्रस्तावना थोडी लांबणार आहे.

बोईसर स्थानकाच्या पश्चिमेला वसाहत, पूर्वेला बेटेगाव. ही वसाहत ज्याची, ते महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ साली स्थापन झालं. १९६९ साली तारापूरचं अणुवीज केंद्र सुरू झालं. पुढच्या दशकांत इथे रसायनं, औषधं, कापड, पोलाद यांचे कारखाने उभे राहत गेले. पण यातली कुठलीच वस्तू नुसती ट्रकवर चढत नाही. पिंपाखाली पॅलेट लागतं, यंत्राभोवती खोका लागतो. २०१४ साली पालघर जिल्हा झाला, पूर्वेकडे इमारती वाढल्या, तशी घराघरांत कपाटं आणि मॉड्युलर किचन आली. या सगळ्याच्या मागे कुठेतरी पत्र्याच्या शेडमध्ये एक गोल करवत फिरत असते. ती चालवणारे कधी इथलेच सुतार असतात, कधी जव्हार-विक्रमगडकडून कामाला आलेली आदिवासी मुलं, कधी उत्तर प्रदेश-राजस्थानातून आलेले मिस्त्री. सगळे हाताखाली राहून शिकलेले.

आणि इथेच खरी अडचण आहे. हाताखाली राहून शिकताना पोराला पहिल्या दिवशी काय मिळतं? झाडू. भुसा भरणं, मशीन पुसणं, पोती बांधणं हे सगळ्यांत नव्या पोराचं काम. तो जरा तयार झाला की फळी धरायला लागतो, मग फळी ढकलायला लागतो, आणि ज्या दिवशी तो स्वतः कापायला लागतो त्या दिवशी झाडू दुसऱ्या कुणाच्या हातात जातो. म्हणजे मशीनचं पोट पाहण्याची संधी फक्त त्यालाच, ज्याला तिथे काय असायला हवं हेच अजून माहीत नाही. त्याला भुसा दिसतो. भुशाखाली पट्ट्याला पडलेली चीर, दात्याची उडालेली टिकली, सैल झालेला बोल्ट त्याच्या नजरेत भरत नाही. आणि ज्याच्या नजरेत भरेल, त्याने खाली वाकणं केव्हाच सोडलेलं असतं. साफ करणारा हलका आणि वापरणारा मोठा, ही आपल्या समाजातली जुनी वाईट खोड आहे. मशीनच्या बाबतीत ती खोड बेअरिंग खाते आणि एखाद्या दिवशी बोटं खाते. साफसफाई ही खरं तर तपासणी आहे. कापणाऱ्या हातानेच ती करायला हवी, हे या पुस्तिकेचं म्हणणं मला शंभर टक्के पटतं.

आता थोडं पोटात काय काय असतं ते. टेबलाच्या खाली दोन अर्धगोल कमानी असतात आणि त्यांच्यावर पाळण्यासारखा एक बिडाचा सांगाडा झुलतो. त्याच पाळण्यावर मोटर आणि ब्लेडचा शाफ्ट. पुढचं चाक फिरवलं की दात्यांच्या एका तुकड्यावरून वर्म, म्हणजे आटे पाडलेला दांडा, सरकतो आणि ब्लेड वर-खाली होतं. बाजूचं चाक फिरवलं की सगळा पाळणाच कलतो आणि ब्लेड ४५ अंशांपर्यंत तिरकं होतं. मोटरकडून शाफ्टकडे पट्टा. शाफ्टच्या टोकाला दोन तबकड्यांमध्ये आवळलेलं ब्लेड. झालं, एवढंच. पण या प्रत्येक जागी धातू धातूवर सरकतो आणि प्रत्येक जागेच्या बरोबर वर भुशाचा पाऊस पडत असतो.

आपल्याकडे जास्त दिसतं ते रंधा मशीन. त्यात एकाच शाफ्टवर मध्ये रंध्याची पाती आणि टोकाला गोल करवत असते. तिथे ब्लेड कलत नाही, टेबलच वर-खाली होतं. पण बेअरिंग, पट्टा, पुली, नट यांचं दुखणं तेच, म्हणून रंधा मशीनवाल्यांनी ही पुस्तिका आपली नाही असं समजू नये. उलट रंध्याचा जाडा छिलका आणि करवतीचा बारीक भुसा एकत्र पडत असल्यामुळे त्यांचं पोट लवकर तुंबतं.

सगळ्यांत जास्त भांडण होणार आहे ते ग्रीसवरून. मी आताच सांगून ठेवतो की मी पुस्तिकेच्या लेखकाच्या बाजूने आहे. ग्रीस म्हणजे काळजी, ही समजूत आपल्या मनात खोल रुतलेली आहे. दाराची बिजागरी कुरकुरली, तेल घाल. सायकलची चेन वाजली, तेल घाल. मशीन जड फिरतंय, बोट भरून ग्रीस लाव. बंद पेटीतल्या गिअरला ग्रीस हवंच. पण करवतीचे गिअर उघडे असतात. उघड्या गिअरवरचं ग्रीस आधी भुसा धरून ठेवतं, मग त्याचा लगदा होतो, मग तो लगदा दात्यांच्या बुडाशी सुकून दगड होतो. सागाच्या लाकडात सिलिका असते, म्हणजे एक प्रकारची वाळूच. तो भुसा ग्रीसमध्ये कालवला की पॉलिश करायची पेस्ट तयार होते आणि ती दिवसभर वर्मचे दाते घासत बसते. चाक जड झालं म्हणून माणूस आणखी ग्रीस लावतो. मी असे गिअर उघडलेले आहेत जिथे दात्याचा आकारच ओळखू येत नव्हता, सगळी एक काळी भाकरी झालेली होती.

उपाय उलटा आहे. जुनं ग्रीस टर्पेंटाइन आणि पितळी ब्रशने संपूर्ण काढायचं, धातू दिसेपर्यंत. जुना दात घासायचा ब्रश कोपऱ्यांसाठी उत्तम. मग कोरडं वंगण. बोईसरच्या हार्डवेअरच्या दुकानात सुकणारा टेफ्लॉनचा स्प्रे मिळाला तर घ्यावा. नाही मिळाला तर पांढरी मेणबत्ती घेऊन वर्मवर आणि दात्यांवर घासावी, चाक पूर्ण वर आणि पूर्ण खाली दहा-बारा वेळा फिरवावं. मेणाची पातळ कात बसते, भुसा तिला चिकटत नाही. मेणबत्तीचं ऐकून अनेक जुने मिस्त्री मान हलवतात. त्यांनी महिनाभर करून पाहावं एवढंच मी म्हणेन.

तेलाच्या डब्यांबाबतही एक सांगायला हवं. डब्ल्यूडी-४० हा निळा-पिवळा डबा आता प्रत्येक शेडमध्ये दिसतो आणि तेल म्हणून सगळीकडे मारला जातो. १९५३ साली अमेरिकेत क्षेपणास्त्राच्या पत्र्याला गंज लागू नये म्हणून तो रसायनांचा मेळ शोधला गेला. नावाचा अर्थच 'पाणी हटवणारं, चाळिसावं सूत्र' असा आहे. अडकलेला बोल्ट सोडवायला, ओल घालवायला तो फार गुणाचा. पण तो टिकून राहणारं वंगण नाही. गिअर साफ करताना वापरावा आणि नंतर पुसून काढावा. आणि पट्ट्यावर तर काहीच नको, तेल नको, ग्रीस नको, स्प्रेचा शिंतोडाही नको. घसरणारा पट्टा चिकट करायला त्यावर काहीबाही ओतणारे लोक मी पाहिले आहेत. पट्टा घसरतो तो सैल असतो म्हणून, नाहीतर झिजलेला असतो म्हणून.

बाहेरच्या देशांतल्या मॅन्युअलवर आपलं भागत नाही, याचं कारण आपली हवा. जूनपासून सप्टेंबरपर्यंत इथे कपाटातल्या चपलेला बुरशी येते, तिथे उघड्या बिडाची काय कथा. चिंचणी-तारापूरचा समुद्र फार लांब नाही. वारं खारं असतं. वाऱ्याची दिशा बदलली की हवेत कधी आम्लाची चुरचुर असते, ती नाकाला कळण्याआधी लोखंडाला कळते. या सगळ्यात भुसा हा स्पंजासारखा वागतो. हवेतली ओल शोषतो आणि ज्या धातूवर पडलेला असतो त्याला रात्रभर ओलं फडकं बांधल्यासारखा चिकटून राहतो. म्हणून पावसाळ्यात 'उद्या झाडू' हे चालत नाही. संध्याकाळी मशीन बंद झालं की पोटातला भुसा त्याच संध्याकाळी बाहेर.

लाकूडही आपलं आपलं दुखणं घेऊन येतं. ऐन आणि खैर आपल्या जंगलातली झाडं. दोन्हीत टॅनिन भरपूर. ओला ऐन कापला आणि भुसा टेबलावर राहिला, तर सकाळी बिडावर निळसर काळे डाग दिसतात. तो नुसता मळ नसतो, टॅनिन आणि लोखंड यांची जुळलेली रासायनिक गाठ असते. ते काढायला बारीक पॉलिश पेपर, थोडं तेल, मग कोरडं फडकं आणि शेवटी मेण. मेण निवडताना गाडीचं पॉलिश घेऊ नये, त्यात बहुधा सिलिकोन असतं. ते फळीला लागतं आणि पुढे त्या फळीवर पॉलिश मारलं की माशाच्या डोळ्यांसारखे खड्डे पडतात. प्लायवूडचं दुखणं वेगळं. त्यातला गोंद साध्या पोलादी दात्याची धार बघता बघता खातो, म्हणून तिथे कार्बाइडच्या टिकल्यांचं ब्लेड लागतं.

खोक्यांच्या धंद्यात आता पाइन आलं आहे, कांडला-गांधीधामच्या वखारींतून. परदेशी जाणाऱ्या लाकडी पॅकिंगला आयएसपीएम १५ हा आंतरराष्ट्रीय नियम लागतो: लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअसला सलग ३० मिनिटं तापवायचं, मग गव्हाच्या लोंबीचा शिक्का मारायचा. त्या उष्णतेने अळ्या-किडे मरतात. राळ मात्र तशीच चिकट राहते. कापताना ब्लेड तापतं, राळ पातळ होऊन दात्यांच्या बाजूंना बसते, दाते जाड होतात, घर्षण वाढतं, ब्लेड आणखी तापतं. फळीच्या कडेला करपल्यासारखे तपकिरी पट्टे आले की माणूस म्हणतो, धार गेली. आणि ब्लेड धार लावायला पाठवतो. निम्म्या वेळा धार गेलेली नसते, राळ चढलेली असते. ब्लेड काढा, परातीत कोमट पाणी आणि धुण्याचा सोडा घ्या, दहा-पंधरा मिनिटं बुडवा, नायलॉनच्या ब्रशने दात्याच्या दिशेने घासा, लगेच कोरडं करा, तेलाचं बोट फिरवा. कॉस्टिक सोडा नको. हाताची सालं काढतो आणि ब्लेडलाही मानवत नाही. धार लावण्याच्या प्रत्येक खेपेला कार्बाइडची टिकली थोडी झिजते, म्हणजे राळ धुण्याच्या आळसाची किंमत ब्लेडच्या आयुष्यातून जाते.

ब्लेड काढलंच आहे तर दोन्ही तबकड्या पुसल्याशिवाय ते परत चढवू नये. पुस्तिकेतला हा एक परिच्छेद मी पुन्हा पुन्हा वाचला, कारण एवढी वर्षं हे काम करूनही मी तो हिशेब कधी कागदावर मांडला नव्हता. तबकडी ५० मिलिमीटर व्यासाची धरा. तिच्या काठाशी ०.१ मिलिमीटरचा एक कण अडकला. ब्लेड १० इंची, म्हणजे मध्यापासून दात्यापर्यंत १२७ मिलिमीटर. तिथे तो कण पाव मिलिमीटर होऊन डोलतो, एकदा या बाजूला, एकदा त्या बाजूला. कापाची रुंदी अर्ध्या मिलिमीटरने वाढते, कड खरबरीत येते, आणि बेअरिंगला प्रत्येक फेऱ्याला एक धक्का बसतो. मिनिटाला चार हजार फेरे. डोळ्याला दिसणारही नाही अशा कणाने दिवसभर बेअरिंगवर हातोडी चालवलेली असते.

बेअरिंगांबाबत पुस्तिकेत एक संपूर्ण प्रकरण आहे, मी दोनच गोष्टी उचलतो. जुन्या बेअरिंगवर नंबर कोरलेला असतो, तो टिपून ठेवावा. ६२०५ असेल तर शेवटचे दोन आकडे, ०५, गुणिले पाच, म्हणजे आतलं भोक २५ मिलिमीटर. ६२०४ असेल तर २०. नंबरापुढे झेडझेड असेल तर दोन्ही बाजूंना पत्र्याची झाकणं आणि २आरएस असेल तर रबराची. भुशाच्या जागी रबराचीच हवीत, दुकानदार काहीही म्हणो. दुसरं, बंद बेअरिंग रॉकेलमध्ये धुवायचं नाही आणि कॉम्प्रेसरची हवा थेट त्याच्या तोंडावर मारायची नाही; जी धूळ बाहेर थांबली होती ती दाबाने झाकणाच्या कडेतून आत जाते. बेअरिंग जिवंत आहे का हे पट्टा काढून शाफ्ट हाताने फिरवून कळतं. गुळगुळीत फिरला तर ठीक. बोटांना वाळूवरून चालल्यासारखं लागलं, किंवा शाफ्ट वर-खाली जरासा हलला, तर ते बदलायचं. ते ओरडायला लागेपर्यंत वाट पाहू नये.

हे सगळं कोणत्या वेगाबद्दल चाललं आहे, ते मोजायला हरकत नाही. १० इंची ब्लेड, मिनिटाला ४,००० फेरे. दात्याचा वेग सेकंदाला ५३ मीटर, म्हणजे ताशी १९० किलोमीटर. बोईसर स्थानकातून न थांबता जाणारी राजधानी इतकी धावत नाही. फलाटावर ती येताना आपण मुलांना मागे ओढतो. त्याहून वेगाने धावणाऱ्या दात्यांशेजारी, स्विच बंद केल्यावर अजून फिरत असलेल्या ब्लेडजवळ, ब्रश घेऊन हात घालणारी माणसं मी पाहिली आहेत. त्यातल्या एकाचा अंगठा गेला. तो आजही काम करतो, पण फळी दाबताना त्याच्या चेहऱ्यावर जे येतं ते मी विसरू शकत नाही.

म्हणून पुस्तिकेचं पहिलं पान वंगणाचं नाही, स्विचचं आहे. प्लग काढून तो स्वतःच्या नजरेसमोर ठेवायचा. प्लग नसून थेट जोडणी असेल तर मेन बंद करून फ्यूज काढायचा आणि खिशात घालायचा. ब्लेड पूर्ण थांबल्यावर, आणि शक्यतो ब्लेड काढूनच, खाली हात घालायचा. नट सोडवताना पाना कुठल्या बाजूला ओढायचा यावरून घोळ होतो आणि पाना निसटून हात दात्यांवर आपटतो. लक्षात ठेवायला सोपं आहे: ब्लेड ज्या दिशेने फिरतं त्याच दिशेने नट सुटतो. १९४८ च्या कारखाने कायद्याने फिरत्या यंत्राची तपासणी आणि तेलपाणी करण्यावर कडक अटी घातल्या: खास शिकवलेला प्रौढ कामगार, अंगाला घट्ट बसणारे कपडे, नोंदवहीत त्याचं नाव. आपल्या कितीतरी शेड माणसं कमी म्हणून अशा कायद्यांच्या व्याख्येतच बसत नाहीत. दात्यांना ती व्याख्या माहीत नसते.

१९९९ साली स्टीव्ह गॅस या अमेरिकन माणसाने बोट लागताच काही हजारांश सेकंदांत ब्लेड थांबवणारी करवत शोधून काढली. बोटातून वाहणारा विजेचा बारीकसा इशारा तिला कळतो. फार मोठं काम झालं ते. पण ओलं लाकूडही वीज वाहतं आणि ती करवत फसते, हे ऐकल्यावर मला आपल्या जुलैतल्या फळ्या आठवल्या. तशी यंत्रं इथे येतील तेव्हा येतील. तोवर ब्लेडमागचा चाकू, म्हणजे कापलेली फळी ब्लेडवर मिटू न देणारं ते पोलादी पातं, काढून भिंतीवर टांगून ठेवू नये. सफाईच्या वेळी काढला असेल तर सफाई संपताच जागेवर.

इथे मला एका गोष्टीबद्दल स्पष्ट बोलायचं आहे. फर्निचरच्या साइटवर प्लायच्या तुकड्याला चीर पाडून खालून मार्बल कटर उलटा बांधतात आणि त्यालाच टेबल सॉ म्हणतात. चार इंची ब्लेड, मिनिटाला १२,००० च्या आसपास फेरे, मागे चाकू नाही, वर झाकण नाही, स्विच बहुतेक वेळा चालू स्थितीत टेपने बांधलेला. हे यंत्र दगड कापायला, हातात धरून वापरायला बनवलेलं आहे. त्याची निगा कशी राखावी हे कुणी मला विचारलं तर माझं उत्तर एकच असतं, ते सोडवा. लेखकाने त्याच्यावर प्रकरण लिहायला नकार दिला, त्याबद्दल मी त्यांचे आभार मानतो.

भुसा नुसता मशीनच्या पोटात जात नाही. लाकडाची धूळ माणसात कर्करोग करते, असं कर्करोगावर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने १९९५ साली ठरवून पहिल्या गटात टाकलं. तेव्हा ब्लोअर मारून सगळा भुसा शेडभर उडवायचा आणि त्याला सफाई म्हणायचं, हे बंद व्हायला हवं. शोषून घेणारं यंत्र परवडत नसेल तर ब्रश आणि सुपली, आणि नाकावर धड मास्क. रुमाल नाही. आणि जवसाच्या तेलाची फडकी चुरगाळून भुशाच्या पोत्यावर टाकू नयेत. ती आतल्या आत तापतात आणि कुणी काडी न लावता पेटतात.

शेवटी वेळापत्रक. रोजचं, आठवड्याचं, महिन्याचं पुढे तक्त्यात दिलं आहे, ते मी इथे गिरवत नाही. वर्षातल्या दोन मोठ्या सफाया मात्र माझ्या सांगण्यावरून आल्या आहेत. पहिली मृग लागायच्या आधी, मे संपता संपता: सगळा धातू उघडा करून, पुसून, मेण लावून पावसाला तयार करायचा. दुसरी खंडेनवमीला. आपण त्या दिवशी हत्यारं पुजतो, झेंडूची माळ घालतो, हळदकुंकू वाहतो. पाऊस ओसरलेला असतो, ओल हटायला लागलेली असते, चार महिन्यांत कुठे काय गंजलं हे पाहायला वर्षातला याहून चांगला दिवस नाही. आपल्या पूर्वजांनी दिवस अचूक निवडला आहे. फक्त माळ टेबलावर पडते आणि पोट तसंच राहतं.

त्या बेटेगावच्या शेडमध्ये मागच्या खंडेनवमीच्या सकाळी मी गेलो होतो. मशीन उघडलेलं होतं. मिस्त्री स्वतः खाली पाठीवर झोपले होते आणि सगळ्यांत नवं पोर शेजारी उकिडवं बसून टॉर्च धरत होतं. आतून जे जे निघालं ते वर्तमानपत्रावर मांडून ठेवलेलं: मूठभर काळा लगदा, पेन्सिलीचा तुकडा, दोन खिळे, ब्लेडची उडालेली एक टिकली आणि एक स्प्रिंग वॉशर. झेंडूची टोपली दारात तयार होती, मालक नारळ घेऊन आले होते. मिस्त्रींनी वॉशर उचलून पोराला दाखवला आणि विचारलं, "हा कुठला?" पोराला माहीत नव्हतं. मिस्त्रींनाही माहीत नव्हतं. मग दोघं मिळून एकेक बोल्ट पाहत गेले. तासाभराने मोटरच्या बैठकीच्या मागच्या बोल्टाशी त्याची जागा सापडली, तेव्हा नारळ फुटला.